तोंड आपल्याकडे

८ जानेवारी

जावईबापूंना,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला 'विनंती विशेष' लिहायची पद्धत आहे. माझी विनंती काही नाही. विशेष मात्र आहे.

खाणवाल्याची पोकलेन परत बिघडली आहे. तीच, जिच्या बूमचे, म्हणजे त्या मोठ्या हाताचे, दोन्ही सिलिंडर आपण पावसाळ्यानंतर उघडले होते आणि ज्यातला डावा आठवड्याभरात रॉडवरून तेल गाळायला लागला होता. तेव्हा काय झालं ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही समोरच होतात. मी डावा उघडला, आतलं सील, तेल अडवणारं ते रबराचं कडं, उलटं निघालं, मी सगळ्यांसमोर विचारलं, "हे कोणी बसवलं?" तुम्ही म्हणालात, "मी." त्यावर मी जे बोललो ते बोललो, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही हत्यारांची पेटी उचलून बोगद्याच्या कामावर निघून गेलात. बायकोला इथेच ठेवून.

आता तक्रार वेगळी आहे. तेल तापतं. सकाळी काम सुरू केलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत तेलाच्या टाकीला हात लावता येत नाही. मग बूम मरगळल्यासारखा उचलतो, आणि उचलला तरी हवेत टिकत नाही. लिव्हर सोडला की हळूहळू आपला आपण खाली बसतो. बाहेर मात्र कुठे तेलाचा एक थेंब नाही. मी मशीनखाली पुठ्ठे पसरून बघितलं, पुठ्ठे कोरडे.

बाहेर गळलं असतं तर मी तुम्हाला लिहिलंच नसतं, गुपचूप सील बदललं असतं. पण तेल तापतं आणि सांडत नाही याचा अर्थ तुम्ही जाणता. आतल्या आत कुठेतरी ते दाबाखाली बारीक फटीतून घुसतंय. लोक म्हणतात ना, इथे कुठेतरी पाणी मुरतंय, तसं.

आणि एक गोष्ट. रिलीफ व्हॉल्व्हच्या नटावर, दाब फार वाढला की तेल सोडून देणारा तो व्हॉल्व्ह, त्याच्या नटावर तुम्ही नेहमी पिवळी रेघ ओढता, नट हलला तर कळावं म्हणून. ती रेघ तुटलेली आहे. नट कोणीतरी फिरवलाय. पिवळ्या रंगाचा डबा कोणाच्या पेटीत असतो हे मी विचारत नाही.

फोन तुम्ही उचलत नाही. तुमच्या सासूबाई म्हणतात, डोंगरात रेंज नसेल. रेंज नसणं आणि न उचलणं यातला फरक मला कळतो. न उचलताना घंटी वाजते.

भिंगरीचं सांगायचं तर, लग्न होऊन चार वर्षं झाली तरी आम्ही घरात तुमच्या बायकोला भिंगरीच म्हणतो, तर ती तुमचं नाव काढत नाही. नवरा निघून गेला की बाई रडते, चिडते, निदान भांडी तरी आपटते. ही बिलं लिहिते, पार्टची ऑर्डर देते, आणि जेवताना खाली बघून जेवते. तुम्ही दोघं चोरून एकमेकांना लिहिता का? लिहीत असाल तर तिच्या चेहऱ्यावर काही तरी दिसायला हवं होतं. काही दिसत नाही, म्हणून जास्त संशय येतो.

सरळ विचारतो. जाताना मशीनला काय करून ठेवलंत? रेशन पोहोचवणाऱ्या ट्रकवाल्याकडे उत्तर द्या. पोस्टावर माझा भरवसा नाही, चिकटवलेलं पाकीट वाफेवर उघडतं.

तुमचा सासरा (अजून तरी)


२१ जानेवारी

जावईबापूंना,

उत्तर मिळालं. एक ओळ: "दोन्ही सिलिंडर मीच बसवले होते, चूक माझी."

अहो, मी विचारलं काय आणि तुम्ही सांगता काय? माझं पत्र तुमच्यापाशी असेल, काढून पुन्हा वाचा. दोन्ही सिलिंडर कोणी बसवले असं मी विचारलं होतं का? मी मशीनचं विचारलं, व्हॉल्व्हचं विचारलं. उजव्या सिलिंडरबद्दल तर मला अजून काही माहीतही नाही. आणि तुम्ही न विचारता दोन्हींचा कबुलीजबाब देऊन मोकळे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

तरीही मी तुमच्या कबुलीवर थांबलेलो नाही. कबुलीने तेल थंड होत नाही.

आधी ऑइल कूलर बघितला. जाळीत दगडाची भुकटी इतकी बसली होती की पलीकडचं दिसत नव्हतं. हवा मारली, धुतली, पुन्हा हवा मारली. मशीन चालवलं. तापायला थोडा उशीर झाला, पण तापलंच. मग तेल. खाणवाला कुठून तरी स्वस्तातलं पातळ तेल भरतो असा मला पहिल्यापासून संशय होता, म्हणून सगळं काढून आपल्या डब्यातलं भरलं. तरी तेच. खाणवाला म्हणाला, "तेल तुमचं, बिल माझं, आणि मशीन तापतंच." मी म्हटलं, "तुमचं तेल होतं तेव्हाही तापतच होतं ना?" तर म्हणे, तेव्हा बिल तरी नव्हतं.

मग मी ऑपरेटरला एका बाजूला घेतला. तो आधी आकाशाकडे बघत होता. म्हटलं, "नट कोणी फिरवला?"

"कसला नट?"

"ज्याच्याकडे तू आत्ता बघत नाहीयेस तो."

मग सांगितलं. बूम जोर करत नव्हता, मालक ओरडत होता, म्हणून यानेच पान्हा लावून दाब वाढवला. "जरासाच," म्हणाला. आमच्या धंद्यात जरासा म्हणजे किती ते हात बघितल्याशिवाय कळत नाही, आणि याचा हात फावड्यासारखा आहे. मी गेज लावून दाब जागेवर आणला. म्हणजे रेघ तुम्ही तोडली नव्हती. हे मी लिहून देतो, कारण खोटा आळ मला आवडत नाही. पण त्याला नट दाखवला कोणी? त्याची तुमच्याशी गट्टी होती. असो.

दाब जागेवर आला, कूलर साफ झाला, तेल चांगलं आहे, आणि तरीही तापतं. बूम बसायचा तो बसतोच. म्हणजे फट अजून आत आहे.

काल भिंगरी दुपारी घरात नव्हती. आली तेव्हा उजव्या बाहीला हायड्रॉलिक तेल. विचारलं, "हे काय?" म्हणाली, "डबा सांडला." कुठला डबा? मी सगळे डबे बघून आलो, एकही सांडलेला नाही. ऑफिसच्या टेबलावर बिलं लिहिणाऱ्या मुलीच्या बाहीला तेल कुठून येतं?

तुमच्या सासूबाईंना बोललो, तर त्या म्हणाल्या, "तुम्हाला सगळीकडे गळतीच दिसते." त्यांनाही काहीतरी माहीत असावं.

आता महत्त्वाचं. बोगद्यावरच्या तुमच्या साहेबांचं मला पत्र आलंय. त्यांच्याकडे नवं मोठं मशीन येणार आहे, त्याच्या सगळ्या फिटरांवर तुम्हाला नेमायचं त्यांच्या मनात आहे. पण खाणवाला त्यांना खडी पुरवतो, त्याच्याकडून त्यांच्या कानावर आलं की तुम्ही सीलं उलटी बसवता. म्हणून मला विचारतात, तुम्ही याचे उस्ताद, खरं काय ते कळवा.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि नाक सध्या माझ्या हातात आहे. नीट, सगळं, पहिल्यापासून लिहून पाठवा. मग बघू साहेबांना काय लिहायचं ते.

सासरा


२ फेब्रुवारी

हे पत्र घाईत लिहितोय, अक्षर लावून घ्या.

आज खाणीत माणूस मेला असता. मी तिथेच होतो. ऑपरेटरने बूमच्या टोकाची बादली दगडांनी भरून बूम वर धरला होता, खाली ट्रक लागत होता. ट्रकवाला उतरून मागचं फाळकं सोडायला गेला. बूम नेहमीसारखा हळूहळू बसेल असं सगळ्यांनी धरलं होतं. तो हळूहळू बसला नाही. एकदम खाली आला आणि दगडाने भरलेली बादली ट्रकच्या केबिनवर टेकली. केबिनचं छप्पर सीटला लागलं. ट्रकवाला मागे होता म्हणून वाचला. तो बराच वेळ फाळकं धरून तसाच उभा होता. मी त्याला धरून बाजूला बसवलं.

तू ऐकतोयस ना? मी आज तुला अहो-जाहो करणार नाही. लग्नाआधी दहा वर्षं तू माझ्या हाताखाली होतास, तेव्हा अरे-तुरेच होतं, आणि तेव्हा तू माझ्याशी एकदाही खोटं बोलला नव्हतास. जावई झालास आणि मला तुझ्याशी नीट भांडताही येईना. तुझ्या चुकीने आज एक माणूस जाणार होता. मला तुझा राग आला असता तर बरं झालं असतं. मला भीती वाटली.

खाणवाल्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "तुमच्या जावयाचं नाव मी प्रत्येक खाणीत पोहोचवणार. बोगद्यातही. आणि तुम्ही लेखी द्यायचं, काम त्याचं होतं म्हणून." मी काही बोललो नाही. बोललो नाही म्हणजे हो म्हणालो असंच त्याने धरलं.

मशीन तिथेच उभं करून तपासलं. बूम जमिनीला टेकवला. आता रॉडकडचा पाइप सोडायचा, तोंड डब्यात धरायचं आणि ऑपरेटरने दुसऱ्या बाजूने दाब द्यायचा. सील चांगलं असेल तर सुटलेल्या पाइपातून काही येऊ नये. कोणत्या सिलिंडरपासून सुरुवात करावी असा मी विचार करत होतो, तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "उजवा."

हो, भिंगरी तिथे होती. अपघात कळल्यावर स्कूटरवर आली. म्हटलं, "तुला कसं माहीत?"

"हात लावून बघितलं. डावा नुसता गरम आहे, उजव्याला चटका बसतो. त्या दिवशी पण बसला होता."

"कोणत्या दिवशी?"

ती पान्हा आणायला वळली. म्हणजे डबा सांडल्याच्या दिवशी ती इथे होती. मशीनपाशी. आम्ही सगळे कूलर धूत होतो आणि ही हाताने सिलिंडर चाचपून गेली होती.

उजव्याचा पाइप सोडला. दाब दिला आणि डब्यात तेलाची धार लागली. नुसता पाझर नव्हे, धार. पिस्टनवरून तेल सरळ पलीकडे जात होतं. डाव्यातून दोन थेंब.

उजवा काढून वर्कशॉपवर आणलाय. उद्या उघडणार. तुझं दुसरं उत्तर अजून आलेलं नाही. रेशनचा ट्रकवाला म्हणतो, तू म्हणालास, "सांगायचं ते सांगून झालं." मला एवढंच कळत नाही की मशीनखाली माणसं असतात हे ज्याला मी शिकवलं, तो एवढ्यावर गप्प कसा बसतो. आणि ही तुझी बायको, तुझं नाव न काढणारी, तुझ्या सिलिंडरला गुपचूप हात का लावून बघते.

तुम्ही दोघं मिळून माझ्यापासून काय लपवताय?


५ फेब्रुवारी

जावईबापू,

बसून वाचा.

उजवा उघडला. जुन्या पद्धतीचा पिस्टन आहे, दोन सीलं पाठीला पाठ लावून बसतात. एकाचं तोंड एका बाजूच्या तेलाकडे, दुसऱ्याचं दुसऱ्या बाजूच्या. तेल तोंडात शिरलं की सील फुगतं आणि नळीला घट्ट धरतं. पाठीकडून आलं तर सील मिटतं आणि तेल निघून जातं. हे मी तुम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं: तोंड तेलाकडे.

या पिस्टनवर दोन्ही तोंडं एकाच बाजूला होती. रबर नवं होतं तोवर नुसत्या घट्टपणावर टिकलं. ऑपरेटरने दाब वाढवला, रबर कडेने चिरलं, तेल फटीतून घुसायला लागलं, त्याने तापलं, तापल्याने रबर आणखी कडक झालं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

मी पहिल्यांदा तुम्हाला शिवी दिली. मोठ्याने. मग काढलेली सीलं टेबलावर ठेवून बसलो, कारण काहीतरी खटकत होतं. डाव्याचं ते रॉडचं सील आठवलं, तेही उलटं. निष्काळजी माणूस एकदा इकडे चुकतो, एकदा तिकडे, आणि मधूनच बरोबरही बसवून जातो. इथे तसं नव्हतं. पिस्टन टेबलावर आपण जसा ठेवतो तसा ठेवला, रॉडचं सील ज्यात बसतं ते बूच शेजारी ठेवलं, जुनी सीलं होती तशी लावून बघितली. सगळी तोंडं माझ्याकडे बघत होती.

ज्याने बसवली तो निष्काळजी नव्हता. तो नियम पाळत होता. तोंड आपल्याकडे.

हे वाक्य तुम्हाला मी कधी सांगितलेलं नाही. तुम्ही आलात त्याच्या आधीच टेबल खिडकीकडे फिरवलं होतं. त्याआधी टेबल भिंतीला होतं, तेव्हा काम ठेवलं की तेलाची बाजू नेमकी आपल्याकडे यायची. तेव्हा शाळेतून आलेली एक सात-आठ वर्षांची मुलगी त्या टेबलावर बसायची आणि मी तिच्या हातात जुनं सील देऊन म्हणायचो, "तोंड आपल्याकडे, राणी, तोंड आपल्याकडे." तिला तेलाची बाजू कळणार नव्हती म्हणून सोपं करून सांगितलं होतं. पुढे ती मोठी झाली, मी तिला ऑफिसच्या टेबलावर बसवलं, आणि हे टेबल फिरवलं. तिला कोणी सांगितलंच नाही.

मी चुकलो असं मी म्हणत नाही. टेबल चुकलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढं म्हणतो.

तिला हाक मारली. पिस्टन समोर ठेवला, नवं सील दिलं. म्हटलं, "भिंगरे, बसव बघू."

तिने हात पुसले, सील तेलातून काढलं, आणि बसवलं. हात चांगला आहे तिचा. कुठे पीळ नाही, कुठे ओरखडा नाही, अंगठा सगळीकडे सारखा फिरला. आणि तोंड तिच्याकडे.

तिने माझ्याकडे बघितलं, मग पिस्टनकडे, मग जुन्या सीलांकडे. म्हणाली, "म्हणजे उजवाही मीच उलटा बसवला."

मग सगळं बाहेर आलं. मी आत्याच्या आजारपणात गावाला होतो, खाणवाला दारात बसला होता, तुम्हाला अर्ध्या कामातून रस्त्यात बंद पडलेल्या मशीनकडे जावं लागलं, आणि जाताना तुम्ही तिला म्हणालात, राहिलेली सीलं तू बसव, तुला येतं. तिला येतच होतं. चुकीच्या टेबलावरचं.

"आणि मी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, 'मी.' तुम्ही त्याच्यावर तुटून पडलात. नंतर मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी मी बाबांना सांगते. तर म्हणतो, सांगितलंस तर बाबा तुला पुन्हा पान्ह्याला हात लावू देणार नाहीत, माझं काय, मला कुठेही काम मिळेल. म्हटलं, तू मला वाचवतोयस की गप्प बसवतोयस? तर पेटी भरायला लागला. मोठा त्याग! मी म्हटलं, जा. माझी चूक मला परत देशील तेव्हा येईन मी."

मला वाटत होतं ती माझ्यासाठी इथे राहिली. म्हाताऱ्या बापाला सोडवेना म्हणून. तेवढंही नव्हतं.

"पण मग चार महिने मला का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली," म्हणाली. "त्याचं खरं होतं ना. कामावरून उठवलंच असतंत तुम्ही मला."

उठवलंच असतं. खोटं कशाला लिहू?

मी म्हटलं, "झालं ते झालं. खाणवाल्याला मी सांगतो, चूक माझी, मी शिकवलं तसं तिने केलं." त्यावर जी भडकली, जावईबापू, मी तिला लहानपणापासून एवढं भडकलेलं बघितलेलं नाही. सील टेबलावर आपटलं.

"आता तुम्ही पण? एक गेला, आता दुसरा उभा राहिला! बाबा, सील मी बसवलं. ट्रकवाला माझ्या चुकीने मरणार होता. मला तीन दिवस झोप नाही, तुम्हाला माहितीय का? आयुष्यात एक काम हातात घेतलं, त्यातली चूकसुद्धा तुम्ही दोघं वाटून घ्यायला निघालात. माझ्याकडे काय ठेवता मग, बिलं?"

तुमच्या सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ऐका जरा." बास, एवढंच.


१६ फेब्रुवारी

जावईबापू,

टेबल होतं तिथेच आहे. भिंगरीने त्याच्या कडेला खडूने मोठ्या अक्षरात 'तेल' लिहून बाण काढलाय. मी पुसला नाही.

खाणीवर तिला घेऊन गेलो. खरं तर ती मला घेऊन गेली, स्कूटर ती चालवत होती. खाणवाला, ऑपरेटर, तो ट्रकवाला, सगळे होते. ती सरळ ट्रकवाल्यापाशी गेली आणि म्हणाली, "काका, ते सील मी बसवलं होतं. उलटं बसवलं होतं. तुम्ही माझ्यामुळे मरणार होतात." तो बिचारा गोंधळला, म्हणाला, "नाही मेलो ना, बाळ." तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिथे. आधी नाही आणि नंतरही नाही.

खाणवाला हसला. मला म्हणाला, "वा, नवऱ्याला वाचवायला बायकोला आणलंत!" बघा, मी तुमच्यावर संशय घेत होतो त्याच डोळ्यांनी तो आता माझ्याकडे बघत होता. मला फार वाईट वाटलं, आणि चीडही आली, कारण माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

तिच्यापाशी होतं. म्हणाली, "पिस्टन इथेच आहे. बसवून दाखवते, तुम्ही बघत रहा." ताडपत्री पसरली आणि सगळ्यांसमोर बसवलं. प्रत्येक सील हातात घेऊन आधी बोट ठेवायची: "तेल इकडून येणार, म्हणून तोंड इकडे." मी दोन पावलं मागे उभा राहिलो. माझे हात दोनदा पुढे गेले, दोन्ही वेळा मी ते खिशात घातले. सिलिंडर चढवला, हवा काढली, बादली दगडांनी भरली, बूम वर, इंजिन बंद. तिने रॉडवर खडूने रेघ ओढली.

खाणवाला म्हणाला, "एवढी खात्री आहे तर उभी राहा की खाली."

ती म्हणाली, "सील कोणीही बसवलेलं असो, उचललेल्या बूमखाली उभं राहायचं नसतं. तुमची माणसं राहतात, ती आधी बंद करा."

ऑपरेटरने मान खाली घातली. खाणवाल्याला हसू आवरेना, पण आता ते हसू वेगळं होतं. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत बूम तसाच ठेवला. रेघ होती तिथे होती. दुपारभर मशीन चालवलं आणि संध्याकाळी मी टाकीवर तळहात ठेवला, तो ठेवून बोलत राहिलो. खाणवाला म्हणाला, "मग लेखी काय देता?" मी म्हटलं, "जे आत्ता ऐकलंत ते." मी तुम्हाला सगळ्यांसमोर जे बोललो होतो, ते सगळ्यांसमोरच परत घेतलं. मोठ्याने, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

तुमची आठवण येते. लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा मशीनचंच लिहीत बसेन.

सुट्टी मिळाली की या. माझी माफी मागू नका, मला नको आहे. तिच्यापुढे उभे राहा, ती काय बोलते ते ऐका, आणि मधे बोलू नका. ती येईल की तुम्हाला इथे राहावं लागेल, हे मला ठाऊक नाही. विचारलं तर म्हणाली, "आधी येऊ दे." एवढं बोलली, तुमचं नाव घेऊन बोलली.

साहेबांना आज उत्तर पाठवलं. काय लिहिलं ते तुमच्यापासून लपवत नाही, लपवून फार झालं. लिहिलं की, 'तुम्ही विचारलेला माणूस माझा जावई आहे, तरी सांगतो. त्याचा हात चोख आहे. माझ्याकडे असताना त्याने एकही सील उलटं बसवलेलं नाही. मोठं मशीन निर्धास्तपणे त्याच्याकडे द्या. फक्त, कधी काही बिघडलं आणि तो पुढे होऊन म्हणाला की मी केलं, तर विश्वास ठेवू नका. त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते बघा, आणि तिला विचारा.'